यांची कांडी

३ नोव्हेंबर

आज तांडापेठेतल्या मागमठाचे दोन तुकडे झाले. उमरेडच्या चंपतरावाने भर सभेत उभं राहून सांगितलं, की पट कापायला पाहिजे. चंपतराव म्हणजे माझा व्याही, माझ्या सुनेचा बाप. सगळ्या सभेने माना वळवून माझ्याकडे पाहिलं, जणू त्याला मीच शिकवून पाठवलं होतं.

कारण काय, तर रुळाला चीर गेली. पट ज्याच्यावर गुंडाळतात तो सागवानी रूळ आता कापडाचं वजन पेलत नाही म्हणे. जुना भाग कापून नीट ठेवू आणि नव्या रुळावर पुढे विणू. किती सोपं! हा मठ जिने काढला त्या गिरजामायने प्लेगात मेलेल्यांच्या कपड्यांतून एकेक धागा काढला आणि सगळे एका कापडात विणले. ज्यांना खांदेकरी मिळाले नाहीत ते निदान एकमेकांशेजारी राहतील म्हणून. तेव्हापासून आम्हा पटकऱ्यांमध्ये कोणी गेलं, की वर्षाच्या आत त्याचा धागा पटात पडतो. नाही पडला तर तो माणूस कायमचा बाहेर राहतो. हा पट चालावा म्हणून राजेसरकारांनी आपल्या राज्यात कापडाची एक गिरणी उभी राहू दिली नाही. म्हणून आजही नागपुरात घरोघर हातमाग आहेत. आणि चंपतराव म्हणतो, कापा.

मठाचे कारभारी रुपरावजी गरजले, "जे कापाले निघाले ते कातरे. आमी अखंडी. ज्याले जिकडे जायचं त्यानं आत्ताच जा." सभा उठेपर्यंत दारात चपलांचेसुद्धा दोन ढीग झाले होते. मी माझी चप्पल उचलून अखंडींच्या ढिगात ठेवली आणि मगच पाणी प्यायले.

६ नोव्हेंबर

घरात आम्ही तिघंच. मी, मुलगा पंकज आणि सून कामिनी. पंकज खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे, पाळ्या करतो. मनीषनगरचा हा फ्लॅट यांनी घेतला तेव्हा आधी हॉलमध्ये माग बसतो का ते पाहिलं आणि मग बिल्डरशी बोलले. आता मागावर मी वाळलेले कपडे ठेवते.

जानेवारीत यांना जाऊन वर्ष होईल. त्याआधी यांची कांडी भरायची आहे. गेलेल्या माणसाच्या कपड्यातून सूत काढायचं, घरच्या सुनेने ते रहाटावर कांडीवर भरायचं आणि ती कांडी धोट्यात घालून मठाच्या मागावर यांचा धागा टाकायचा. बायकोने भरलेली कांडी चालत नाही, मुलीची चालत नाही. सूनच पाहिजे. बाहेरून आलेली पोर आपल्या माणसाला आत नेते, असं गिरजामाय म्हणायची. मला हे कधी रुचलं नाही. चाळीस वर्षं ज्याच्या खोकल्याने जाग आली त्याच्या सुताला मी हात लावायचा नाही आणि परवा आलेली ही लावणार. पण नियम आहे.

म्हणजे माझ्या नवऱ्याचं आत जाणं चंपतरावाच्या पोरीच्या हातात आहे. मी सकाळी तिला एवढंच म्हटलं, "तुह्या बापानं आमचं नाक कापलं वं." ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मामाजीबी तेच म्हणत होते ना आई. गिरजामाय लोकायले जोडत होती, वजन नव्हती वाढवत."

हे, तिचे मामाजी, खरंच तसं बोलले होते. रूळ पाहून आले होते त्या दिवशी, जेवताना. पण तेव्हा यांना बरं नव्हतं, आणि बरं नसलेल्या माणसाचं बोलणं कुणी धरून बसत नाही.

१९ नोव्हेंबर

रुपरावजींचं फर्मान निघालं. अखंडी घरात कातर राहणार नाही. आज मठाच्या गेटपाशी जाऊन पाहिलं तर हा ढीग! शिंप्यांच्या लांब कातरी, पोरांच्या शाळेतल्या प्लॅस्टिकच्या, कोंबडीवाल्याचीसुद्धा. माझी मैत्रीण यमुताई नेलकटर घेऊन आली होती. तो कातरीत मोडतो की नाही यावर तिथे वाद पेटला. शेवटी रुपरावजी म्हणाले, टाका. एका पोराची बायको दिवसांत होती, त्याने भीतभीत विचारलं, "लेकराची नाळ कायनं कापाची जी?" रुपरावजी म्हणाले, "ब्लेड हाये ना. ब्लेड म्हंजे कातर नाही." किती शांतपणे बोलतात! माणूस थोर आहे.

कामिनीच्या सुताच्या डब्यात एक लहान कातर होती. लग्नात बापाने दिलेली, सुताची टोकं तोडायची. मी ती काढून नेली. संध्याकाळी ती डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "विचारून नेली असती तं मीच देली असती," म्हणाली. मी म्हटलं, "मंग झालं ना तेच." दुधाची पिशवी तिने दातांनी फाडली आणि अर्धं दूध ओट्यावर सांडलं. मुद्दामच.

२ डिसेंबर

अखंडींच्या गाड्या आज उमरेडला समजावायला गेल्या. कातऱ्यांनी तिथे वेगळा माग मांडला आहे, चंपतरावाच्या घरात. पंकज जाईना. म्हणे, सासरचं घर आहे, मी कसा जाऊ. मी म्हटलं, "तुह्या बापाचा धागा हाये तो, सासऱ्याचा नाही. सासरा मोठा की बाप मोठा?" मग गेला. मागच्या आठवड्यात त्याच्या फोनमधले सासरचे सगळे नंबरही मीच बंद करायला लावले होते. असलं काम एकदाच करून टाकावं.

संध्याकाळी आला. मी विचारलं, चंपतराव काय म्हणाले.

"पडले."

"कशे पडले?"

"माग होता ना मधात. हात अडकला त्याईचा." एवढं म्हणून तो आंघोळीला गेला. जेवला नाही. वडाभात केला होता, तसाच राहिला.

शर्टावर डाग होते. पानाचे, म्हणाला. पंकज पान खात नाही, पण गाडीत दुसरं कोणी थुंकलं असेल. मी गरम पाण्यात घातला तर डाग आणखीच धरून बसला. कामिनीने माझ्या हातातून शर्ट घेतला, गार पाण्यात बुडवला, मीठ लावून चोळला आणि डाग निघाला. पोरीला कापडाची समज आहे, तेवढं मानावं लागेल. पण नंतर कितीतरी वेळ ती तो ओला शर्ट घेऊन मोरीत बसून राहिली. वाळत घालायलासुद्धा उठेना. आता स्वयंपाकघरात अंथरूण टाकते आहे. तरुण माणसांची भांडणं, मिटतात.

२१ डिसेंबर

थंडी भयंकर आहे. चंपतराव दवाखान्यात आहे. उजव्या हाताची बोटं काढावी लागली आणि ताप उतरत नाही, असं यमुताईच्या कानावर आलं. मागाला हात लावायचा नाही असं गिरजामायनेच सांगितलं, यमुताई म्हणाली. विणकराची बोटं जाणं म्हणजे काय ते मला कळतं.

कामिनीने आज पाय धरले. खरोखर वाकून धरले. "मले जाऊ द्या आई. एक दिवस. पाहून येते."

मी तिला नियम सांगितला. रुपरावजींनी परवाच जाहीर केलं आहे, कातऱ्याच्या घरचं पाणी प्यायलेल्या हाताची कांडी पटात जाणार नाही. ती गेली तर यांची कांडी कोण भरणार? दुसरी सून आणू कुठून? आणि वर्ष थांबत नाही. मी म्हटलं, "कांडी भरून दे, मंग महिनाभर राहा बापापाशी. मी अडवणार नाही." आवाज चढवला नाही, डोक्यावरून हात फिरवला. तिच्या जागी मी असते तर गेले असते, हे मला ठाऊक आहे. पण मी तिच्या जागी नाही.

ती उठली, डोळे पुसले. "मामाजीसाठी थांबते. तुमच्यासाठी नाही."

यांनीच तिला डोक्यावर बसवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा हॉलमधल्या मागावर तिला शेजारी घेऊन बसायचे. मला कधी बसवलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

१० जानेवारी

आज कामिनी कांडीबंद बसली. कांडी भरणाऱ्या सुनेने आधी खोली धरायची असते. फोन नाही, टीव्ही नाही, सासूशिवाय कुणाशी बोलणं नाही. मनात दुसऱ्या कुठल्या माणसाचं जाणं आलं तर सुतात दोन जीव मिसळतात म्हणून. मागची खोली शेणाने सारवता येत नाही, फरशी आहे, म्हणून मी ओल्या फडक्याने पुसून रहाट मांडला. यांचं उपरणं ट्रंकेतून काढून दिलं. यांनीच विणलेलं, काठ थोडा वाकडा. त्यातून ती एकेक सूत काढते आहे.

फोन माझ्या हातात देताना तिने सोडलाच नाही पटकन. "बाबाले जास्त झालं तं सांगसान ना आई?"

"हाव."

"माह्या गळ्याची आन घ्या."

मी आन घेतली नाही. नुसतं हाव म्हटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढे कोणी मला खोटारडी म्हणू नये.

१२ जानेवारी

दुपारी तिचा फोन वाजला. तिचा भाऊ साहिल.

"ताईले द्या जी."

मी सांगितलं, ती कांडीबंद आहे.

"माहीत हाये मले. ती नको बोलू. फक्त फोन तिच्या कानाले लावा. बाबा तिचंच नाव घेऊन राहिले सकाळपासून. आवाज तं ऐकू द्या त्याईले तिचा."

"सांगते मी तिले."

"आज सांगा. हात जोडतो तुमाले."

पोरगा रडत होता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. फोन बंद करून मी ताट वाढलं, गोळाभात आणि कढी, आणि खोलीत नेऊन ठेवलं. तिने मान वर करून पाहिलं. "फोन आलता का?"

"आलता. ताप उतरला म्हणे. जेवलेबी."

ती हसली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मग तिने पोटभर खाल्लं, दुसऱ्यांदा भात मागितला. मी दाराशी उभी राहून तिचं खाणं पाहत होते. वाटलं, बघ, माणसाला बरं वाटायला किती थोडं लागतं.

१३ जानेवारी

चंपतराव सकाळी गेला.

साहिलचा फोन मी उचलला नाही. मग त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं. माणूस वाईट नव्हता. पंकजच्या लग्नात यांच्याबरोबर मांडवात नाचला होता, दोघांचीही धोतरं सुटायला आली होती.

पण आता काय करायचं? तिला सांगितलं तर बापाचं सुतक लागतं आणि सुतकातल्या हाताची कांडी पटाला चालत नाही. यांचं वर्ष परवा भरतं. मी खूप विचार केला आणि मग माझ्या डोक्यात आलं, की सुतक कानातून येतं. आजीचा भाऊ परमुलखात गेला तेव्हा बातमी यायला पावसाळा गेला होता, आणि सुतक धरलं ते बातमी आल्या दिवसापासून. म्हणजे ऐकलं नाही तोवर हात शुद्ध. यात तिचाही दोष नाही, माझाही नाही.

तरी पक्कं करावं म्हणून ऑटो करून मठात गेले. रुपरावजी एकटेच बसले होते, संत्री सोलत. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली. "ऐकलं नाही तं सुतक नाही. तुमच्यासारख्या बाया हायेत म्हणून पट टिकून हाये, अनुसयाबाई." मला संत्र्याची अर्धी फाक दिली. येताना छाती भरून आली होती.

घरी आले तर साहिलचा आणखी एक मेसेज. 'ताई, निघाली का? आमी थांबलो हाओ, उचललं नाही अजून.' प्रेत असं ताटकळत ठेवणं चांगलं नाही. तिच्या फोनवरून मीच लिहिलं, 'माझ्यासाठी थांबू नका.' दोनदा वाचलं आणि पाठवलं. त्यानंतर मेसेज आले नाहीत.

१५ जानेवारी

झालं. यांचा धागा पडला.

कामिनीने भरलेली कांडी मी कितीतरी वेळ तळहातावर घेऊन पाहिली. सूत कुठे सैल नाही, कुठे गाठ नाही. मठात अखंडींची सगळी बायामंडळी जमली होती. पाळीच्या विणकराने धोटा टाकला, सर्रकन आवाज झाला आणि हे आत गेले. मी मोठ्याने रडले. यमुताईने मला धरलं. वर्षभर मी झोपेत यांना दाराबाहेर उभं पाहत होते, आज रात्री दिसणार नाहीत. कामिनीने पटाला डोकं टेकवलं आणि पुटपुटली, "जा मामाजी. सुखी राहा." मला त्या क्षणी ती फार आवडली.

तिथेच पायरीवर तिला फोन दिला. म्हटलं, आता जा बापाकडे. फोनमध्ये तिला दिसलंच. मी समजावत होते, की तिचे हात शुद्ध राहावेत म्हणून मी हे एकटीने सोसलं. भावाला गेलेलं ते वाक्य तिने माझ्यासमोर धरलं. "हे मी लेहलं का, आई?"

मी म्हटलं, प्रेत ताटकळत होतं.

पंकज गाडी काढून आला, तिचा हात धरायला गेला. तिने हात मागे घेतला. "मले बाबा गेल्याचं ठावूक नव्हतं," पंकज म्हणाला.

"शर्ट मी धुतला होता," ती म्हणाली. एवढंच. मग चप्पल न घालता रस्त्यावर गेली, ऑटोला हात केला. काय शर्टाचं घेऊन बसली अशा वेळी! पंकज तिथेच पायरीवर बसला, त्याला उठवता उठवता माझी कंबर धरली.

१९ जानेवारी

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

साहिल काल मठाच्या गेटवर येऊन ओरडून गेला, की अखंडींच्या पटात कातऱ्याच्या सुतकाची कांडी पडली आहे. बाजारात सगळीकडे बोलणं झालं. पोरं हसायला लागली. आज सकाळी मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचं लुगडं नेसून गेले, वाटलं, रुपरावजी सगळ्यांसमोर खुलासा करतील.

रुपरावजी म्हणाले, "सुतक श्वास जाते तेव्हाच लागते. कानाचा काय संबंध? या बाईनं मठाले फसवलं."

मी म्हटलं, "तुमीच म्हणाले होते जी. संत्रं खाताना." लोक हसले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आमची जन्मात भेट झाली नसावी. खरंच विसरले असतील. दिवसभर किती माणसं येतात त्यांच्याकडे, कुणाकुणाला काय काय सांगतात, सगळं कसं लक्षात राहील?

धागा काढायचा ठरला. ज्या घरची कांडी खोटी त्या घरच्या बाईनेच काढायचा, असा नियम आहे म्हणे. मला ठाऊक नव्हता. यांच्यानंतर आणखी काही धागे पडले होते. ते आधी एकेक करून उसवून बाजूला ठेवले, त्यांच्या घरचे लोक माझ्या आजूबाजूला उभे राहून पुटपुटत होते. मग यांचा आला. मी टोक धरलं. हलकेच ओढलं, तुटू नये म्हणून. सूत कडक होतं, यांनी खळ नेहमी जास्तच घातली. निम्मं आलं आणि तुटलं. उरलेलं ताण्यात अडकलं. एका पोराने खिशातून ब्लेड काढलं, रुपरावजींकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. पोराने दोन ताणे कापून यांचा उरलेला तुकडा बाहेर काढला आणि ताण्यांना गाठी मारल्या.

मी विचारलं, परत भरता येईल का. कुणाची तरी सून उसनी मागते.

"वर्ष सरलं, बाई," रुपरावजी म्हणाले.

दोन्ही तुकडे रुमालात बांधून आणले. वर्षभर मला मठाची पायरी बंद आहे. कामिनीने आपलं तोंड बंद ठेवलं असतं तर हे कुणाला कळणार होतं? सगळं तिने केलं. तिने भावाला सांगितलं, आणि माझा माणूस बाहेर राहिला.

८ फेब्रुवारी

पंकज खापरखेड्याला क्वार्टरमध्ये राहायला गेला. पाळ्या सोयीच्या पडतात म्हणाला. जाण्याआधी उमरेडला जाऊन आला होता. कामिनीने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, बाहेर खाट टाकून पाणी दिलं. त्याने तिला काय सांगितलं कुणास ठाऊक. मला म्हणाला, "आई, चंपतराव पडले नव्हते." मी म्हटलं, आता ते उगाळून काय फायदा. मग कुकर हवा आहे का विचारलं तर नको म्हणाला.

यमुताई येत नाही. मठात बंदी असलेल्या घरी चहा प्यायचा की नाही याबद्दल रुपरावजींचं अजून काही आलेलं नाही, म्हणून ती थांबली असेल.

रात्री पुन्हा हे दिसतात. दार उघडं असतं तरी आत येत नाहीत.

२२ फेब्रुवारी

आज कामिनी आली होती.

दार उघडलं तर समोर उभी. वाळली आहे. मी म्हटलं, सामान न्यायला आली का. ती म्हणाली, "सामान राहू द्या. मामाजीचं उपरणं हाये ना अजून? त्याच्यातलं थोडं सूत पायजे."

मला कळेना. मग तिने सांगितलं. कातऱ्यांनी नव्या रुळावर पट सुरू केला आहे. चंपतरावाचाच धागा पहिला. त्यांच्यात वर्षाची अट काढून टाकली आहे. कधीही गेलेला माणूस घेतात, कुठल्याही बाजूचा. "बाबाच्या बाजूला जागा ठेवली हाये. मी भरते म्हटलं मामाजीची कांडी. मीच भरली होती ना पहिली. ते बाहेर राहिले तं मले जेवण जात नाही, आई." ती मला अजून आई म्हणत होती. सवय असते तोंडाला.

माझ्या मनात काय काय आलं ते खरं लिहिते. आधी आलं, की दे. दोन्ही हातांनी दे. यांना चालेल, उलट आवडेल, चंपतरावाशेजारी बसून गप्पा मारतील, माझी चेष्टा करतील. हे इतकं स्पष्ट दिसलं, की मी ट्रंकेकडे चालायलाही लागले होते. मग आलं, की उद्या सगळ्या उमरेडात बोभाटा होईल. अनुसयेने नवरा कातऱ्यांना दिला. रुपरावजी म्हणतील, पाहा, आधीपासूनच तशी होती. आणि ती जिंकेल. जे मला वर्षभर झुरून, आन मोडून, लोकांचं ऐकून जमलं नाही, ते ही पोरगी एका दुपारी करून दाखवेल, माझ्याच दारात उभी राहून. माझ्यावर दया करून.

तिला म्हटलं, थांब, आणते. दार लोटून घेतलं. उपरणं आणि रुमालातले ते दोन तुकडे काढले, मागच्या बाल्कनीत घमेल्यात ठेवले, रॉकेल नव्हतं तर दिव्याचं तेल ओतलं. काडी लगेच लागली नाही. सुती कापड पेटायला वेळ घेतं, पण एकदा धरलं की थांबत नाही.

समोर येऊन सांगितलं, उंदरांनी खाल्लं, काही उरलं नाही. धूर तोवर हॉलमध्ये आला होता. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. मला वाटलं, ओरडेल, मारेल. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि रडली. बापाच्या बातमीला रडली नव्हती. मी म्हटलं, "तुहा नवरा नव्हता तो, माहा होता." मग ती उठली, जिना उतरली. मी दार लावलं.

घमेलं अजून गरम आहे. मघाशी कापड जळताना यांच्या अंगाचा वास आला. वर्षभर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत होतं, तरी आला. काठ तेवढा उरला होता तेव्हा, वाकडा काठ. शेजारी पाण्याची बादली भरलेली होती. एक तांब्या मारला असता तर वाचला असता, आणि ती अजून बसस्टॉपपर्यंतसुद्धा पोचली नसती.

मारला नाही.